अंगाचे माप आणि कमाईचे माप

यंत्राच्या पट्ट्यात हात सापडून जायबंदी झालेल्या कामगाराचा दावा भरपाई आयुक्तांपुढे उभा राहतो, तेव्हा डॉक्टरी दाखल्यावरील टक्केवारीकडे साऱ्यांचे डोळे लागलेले असतात. वास्तविक ती टक्केवारी कशाची, हा प्रश्न अगोदर विचारावयास हवा.

1923 च्या कामगार भरपाई कायद्याने इजांचे एक कोष्टकच परिशिष्टात घालून दिले: अंगठा गेल्यास 30 टक्के, दुसरा डोळा शाबूत असताना एक डोळा गेल्यास 40. येथे वैद्यकाने अवयव गेला एवढेच शाबीत करावयाचे. परंतु मणका दुखावला, खांदा आखडला, अशा कोष्टकाबाहेरच्या इजांत कमाईची शक्ती किती घटली हे वैद्यकानेच, कोष्टकातील प्रमाणांचे भान ठेवून, सांगावे लागते. आणि सांध्याचा कोन मोजून, स्नायूंचा जोर अजमावून रुग्णालयात जी टक्केवारी निघते ती अंगाची असते, रोजगाराची नव्हे.

ओडिशातील जेपूर येथे चित्रपटगृहात सजावटीचे काम करताना पडलेल्या एका सुताराचा डावा हात कापावा लागला. हे अंशतः अपंगत्व, असे मालकाचे म्हणणे. पण सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली पूर्ण अपंगत्वाचा निर्णय कायम केला, कारण सुतारकी एका हाताने होत नाही. रंधा दोन्ही हातांनी मारावा लागतो आणि करवत चालवायची तर फळी दाबून धरावी लागते, हे कोणता कोनमापक सांगणार? सरकारी कारकुनाचा तोच हात गेला तर नोकरी टिकूही शकते, असा भेद त्याच न्यायालयाने 2010 मध्ये एका मोटार-अपघाताच्या खटल्यात स्पष्ट केला, आणि ज्यांनी उपचारच केले नाहीत अशा डॉक्टरांच्या सढळ दाखल्यांविषयी सावधही केले. दाखला देणाऱ्याने उलटतपासणीस उभे राहावे, ही अपेक्षा मला तरी रास्त वाटते.

रोगांचे प्रकरण याहून बिकट. कापसाच्या धुळीने होणारा बायसिनोसिस परिशिष्टात आहे खरा, पण क्ष-किरणात त्याची स्वतंत्र खूण उमटत नाही. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर येताच छाती आवळते, हीच त्याची ओळख. मग दोष धुळीचा की विडीचा, हा वाद मालकाचा वकील काढतोच, आणि त्याला उत्तर देण्यास पाळीपूर्वी व पाळीनंतर मोजलेल्या श्वासाच्या नोंदी लागतात. त्या कोणी ठेवल्याच असतील तर गिरणीच्या दप्तरात असतात, कामगाराच्या हाती नव्हे.