लहान मोटारीतील पाचवे चाक

परभणी जिल्ह्याचा मधला भाग गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या काळ्या कसदार जमिनीचा, तर उत्तरेस जिंतूरकडचा आणि दक्षिणेस गंगाखेडकडचा मुलूख डोंगराळ आहे. जिल्ह्याच्या ठिकाणापासून जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड ही तालुक्याची गावे 40 ते 45 किलोमीटरच्या आसपास पडतात. एके काळी हे अंतर एस.टी.ने, आगगाडीने किंवा सरकारी जीपने तोडले जाई. आज शिक्षक, विस्तार अधिकारी, सरपंच अशा अनेकांच्या दारी लहान मोटार उभी असते. शाळातपासणी, ग्रामसभा, बाजारहाट ही तिची नित्याची कामे. रात्री-अपरात्री गावातील आजारी माणसाला परभणीच्या रुग्णालयात पोहोचविण्याचे कामही पुष्कळदा तिच्याकडेच येते. अशा फेरीत दोन गावांच्या मधोमध चाक बसले, तर डिकीतील पाचवे चाक कसे आहे आणि मुळात ते आहे की नाही, यावर सारे अवलंबून राहते.

या पाचव्या चाकाला आपल्याकडे सर्रास ‘स्टेपनी’ म्हणतात. हा शब्द वेल्समधील लानेली या गावच्या स्टेपनी स्ट्रीट या रस्त्यावरून आला. आरंभीच्या मोटारींना जादा चाक नसे. टायर फुटला की तो वाटेतच उतरवून दुरुस्त करावा लागे. त्या रस्त्यावर व्यवसाय करणाऱ्या डेव्हिस बंधूंनी 1904 च्या सुमारास यावर उपाय काढला. हवा भरलेला टायर चढविलेली, आरे नसलेली एक लोखंडी कडी त्यांनी तयार केली. फुटलेले चाक न काढता ही कडी त्याच्याच बाजूला पकडींनी आवळून बसवायची आणि मुक्काम गाठायचा, अशी ती योजना होती. पुढे मोटारीचे चाकच नट सोडवून काढता-घालता येऊ लागले आणि ती कडी मागे पडली. शब्द मात्र भारतात राहिला. ब्राझीलमधील पोर्तुगीज भाषेतही तो थोड्या वेगळ्या रूपात रूढ आहे. मूळची स्टेपनी ही तात्पुरती सोय होती. डिकीतील पूर्ण आकाराचे चाक त्याहून कितीतरी अधिक आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

आज मोटार विकत घेणाऱ्यापुढे तीन प्रकार येतात. पहिल्यात इतर चार चाकांसारखेच पाचवे चाक मिळते. दुसऱ्यात एक अरुंद, हलके चाक दिलेले असते. त्यात बहुधा 60 पौंड हवा भरावी लागते आणि त्यावर ताशी 80 किलोमीटरहून अधिक वेगाने जाऊ नये, अशी सूचना छापलेली असते. तिसऱ्या प्रकारात चाकच नसते. त्याऐवजी टायरच्या भोकात भरावयाचे द्रव रसायन आणि हवा भरण्याचा छोटा पंप असा दुरुस्ती संच असतो. जुलै 2020 मध्ये केंद्र शासनाने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून या तिसऱ्या प्रकाराला वाट करून दिली. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीला ट्यूबलेस टायर असतील, टायरमधील हवा कमी झाल्यास चालकाला सूचना देणारी यंत्रणा असेल आणि दुरुस्ती संच असेल, तर जादा चाक बाळगण्याची सक्ती नाही, असे त्याचे सार आहे. डिकीत जागा मोकळी व्हावी आणि विजेवर चालणाऱ्या मोटारींत मोठी बॅटरी बसविता यावी, हा त्यामागचा हेतू होता.

हा हेतू रास्तच आहे. 175 मिलिमीटर रुंद टायरचे 14 इंची चाक घेतले, तर त्याचा व्यास सुमारे 583 मिलिमीटर भरतो आणि ते जवळजवळ 47 लिटर जागा अडविते. पोलादी रिम धरून त्याचे वजन 14 किलोच्या घरात जाते. लहान मोटारीच्या डिकीत हा हिस्सा थोडाथोडका नव्हे. त्यात सीएनजीची टाकी बसविली की दोघांची अडचण होते, म्हणून काही मालक स्टेपनी घरीच ठेवून देतात. शहरात, जेथे हाकेच्या अंतरावर पंक्चरवाला सापडतो, तेथे हे खपूनही जाते.

खेड्यापाड्यांच्या वाटेवर मात्र हिशेब बदलतो. टायरला दोन प्रकारे इजा होते. बाभळीचा काटा, बैलाच्या पत्रीचा निसटलेला खिळा, तारेचा तुकडा अशा वस्तू टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या जाड भागात घुसतात. असे बारीक भोक द्रव रसायनाने बुजते आणि गाडी पुढच्या गावापर्यंत जाते. दुसरी इजा टायरच्या बाजूच्या पातळ भिंतीला होते. खड्ड्याच्या धारदार कडेवर चाक आदळले की ही भिंत रिम आणि दगड यांच्यात चेपली जाते आणि आतील दोरे तुटतात. मग टायरला टेंगूळ येते किंवा सरळ चीर पडते. या चिरेवर संचातील रसायनाचा काही उपयोग होत नाही.

ग्रामीण रस्त्यावर ही दुसरी इजा का होते, हे साध्या मापांवरून कळते. एकपदरी डांबरी रस्त्याची रुंदी साधारणतः 3.75 मीटर असते. एस.टी. बस सुमारे अडीच मीटर रुंद आणि लहान मोटार सुमारे 1.6 मीटर रुंद. दोन्ही मिळून 4.1 मीटर होतात. म्हणजे समोरून बस आली की मोटारीची एका बाजूची चाके डांबराखाली उतरणारच. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तीवर टाकलेला मुरूम पहिल्या दोन पावसांत वाहून गेला की साइडपट्टी आणि डांबर यांत चार-सहा बोटांची पायरी तयार होते. चाक पुन्हा वर चढविताना डांबराची तुटकी कड नेमकी टायरच्या भिंतीला घासते. पंचायतीने साइडपट्टीच्या मुरमासाठी केलेला पाठपुरावा टायरच्या खर्चातही वाचतो, हे सहसा कोणी मोजत नाही.

म्हणूनच अशा भागातील मालकाने पूर्ण आकाराच्या चाकाचा आग्रह धरणे सयुक्तिक ठरते. ‘पूर्ण आकार’ म्हणजे काय, हे मात्र टायरवरचे आकडे वाचून ठरवावे. काही मोटारींच्या वरच्या किमतीच्या नमुन्यांत रस्त्यावरची चाके 15 इंची, तर डिकीतील चाक 14 इंची असते. पहिल्याच नजरेत ही फसवणूक वाटते. पण तसे नेहमीच नसते. 185/65 आर 15 या टायरचा व्यास 621.5 मिलिमीटर आणि 165/80 आर 14 चा 619.6 मिलिमीटर येतो. फरक दोन मिलिमीटरहूनही कमी. रिम लहान असली तरी टायरची भिंत उंच आहे, त्यामुळे गाडीला तो फरक जाणवत नाही. पकड मात्र अरुंद टायरची थोडी कमी पडते. 23 मार्च 2009 रोजी बाजारात आलेल्या टाटा नॅनोची गोष्ट निराळी होती. तिची पुढची चाके 135/70 आणि मागची 155/65 मापाची होती. त्यामुळे पाचवे चाक एकच असता ते चारही ठिकाणी तंतोतंत जुळणे शक्यच नव्हते.

व्यासात मोठी तफावत असेल, तर ते चाक शक्यतो मागे लावावे. बहुतेक लहान मोटारींत इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळते. पुढे एक चाक लहान आणि एक मोठे असले की सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलचे दाते सतत एकमेकांवर फिरत राहतात आणि झिजतात. यासाठी पुढचे चाक फुटल्यास मागचे चांगले चाक पुढे आणून जादा चाक मागे बसवावे. काम दुप्पट होते खरे, पण ते वाया जात नाही.

पाचवे चाक असूनही ऐन वेळी दगा देते, ते दुर्लक्षामुळे. न वापरलेल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पौंड हवा आपोआप कमी होते. वर्षभर पाहिले नाही, तर 30 पौंडांचे चाक 15 ते 18 वर येते आणि लावताच जमिनीला बसते. चार चाकांत हवा भरताना डिकी उघडण्याचा आळस केला, की असे होते. टायर जसा झिजतो तसा वयानेही म्हातारा होतो. परभणीच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो, तेव्हा बंद डिकीत रबर वाळते आणि बारीक भेगा पडतात. टायरच्या भिंतीवर चार अंकी शिक्का असतो. 2319 म्हणजे 2019 सालातील 23 वा आठवडा. जुनी मोटार विकत घेताना हा शिक्का पाचही चाकांवर पाहावा. पाचव्या चाकावरच्या शिक्क्यावरून अनेकदा गाडीचे खरे वय उघड होते.

चाक बदलताना काळ्या रानातली आणखी एक अडचण पुढे येते. ओल्या जमिनीवर टेकविलेला जॅक मोटार वर न उचलता स्वतःच खाली रुततो. डिकीत वीतभर लांबीरुंदीची जाड लाकडी फळी ठेवली आणि ती जॅकखाली घातली, तर हे टळते. हातब्रेक ओढून समोरासमोरच्या दुसऱ्या चाकाला दगडाची उटी लावावी. नट गाडी उचलण्यापूर्वीच पान्याने सैल करावेत; चाक अधांतरी असताना जोर केल्यास मोटार जॅकवरून घसरते. बसविताना एकाआड एक, समोरासमोरचे नट आवळावेत आणि पाच-दहा किलोमीटर गेल्यावर थांबून ते पुन्हा तपासावेत. फुटलेले चाक डिकीत तसेच पडू न देता दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करून घ्यावे, कारण तोवर मोटार चारच चाकांवर चालत असते.