वाल, पावटा, घेवडा : शेंगांची नावे आणि अनुवाद

कोकणातील एखाद्या मराठी कथेत ‘वालाचे बिरडे’ आले, की हिंदी अनुवादक कोशाकडे वळतो आणि ‘सेम की सब्ज़ी’ असे लिहून पुढे जातो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने यात चूक काहीच नाही. वाल आणि सेम ही एकाच वेलाची नावे आहेत. शास्त्रज्ञ त्यास ‘लॅबलॅब पर्प्युरियस’ म्हणतात. परंतु हिंदी वाचकाच्या डोळ्यांसमोर येते ती हिरवी, चपटी, चिरलेली शेंग. मूळ कथेतील स्त्रीने मात्र वाळलेले दाणे भिजत घालून, फडक्यात बांधून, मोड आणून, मग कोमट पाण्यात एकेक सोलून काढलेले असतात. तिचे दोन दिवसांचे श्रम अनुवादात नाहीसे होतात.

ही अडचण कोशकारांच्या निष्काळजीपणातून उद्भवलेली नाही. मराठीत या वेलाला असे एक नावच नाही. नाव पडते ते त्याच्या अवस्थेला आणि प्रांताला. कोवळी शेंग भाजीसाठी खुडली, की ती घेवडा किंवा वालपापडी होते. दाणा वाळला, की उत्तर कोकणात तो वाल. रायगड-ठाण्याकडे भाताची कापणी झाल्यावर खाचरात उरलेल्या ओलाव्यावर हेच पीक घेतात, आणि थंडीत त्याच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून, भोवती जाळ करून ‘पोपटी’ लावतात. घाट चढून देशावर आले, की दाण्याचे नाव पावटा होते. मात्र पावटा आणि कडवा वाल यांच्या रंगात व चवीत फरक असल्यामुळे गृहिणी ही दोन धान्ये निराळी मानते, आणि तिचे म्हणणे खोडून काढण्याचे कारण नाही. मोड आणून सोललेल्या दाण्यांस पुण्याकडे डाळिंब्या म्हणतात, कोकणात बिरडे. (‘पावट्या’ ही सौम्य शिवी या सर्वांहून वेगळी, तिचा अनुवाद ‘सेम’ने करू पाहणाऱ्यास शुभेच्छाच द्याव्या लागतील.)

शेजारच्या भाषांकडे पाहिले असता एक लक्षणीय गोष्ट दिसते. गुजरातीत वाल आणि पापडी हा दाणा-शेंग भेद मराठीसारखाच आहे. तमिळमध्ये शेंग ती ‘अवरैक्काय्’ आणि दाणा तो ‘मोच्चै’. कन्नडमध्ये मूळ शब्द ‘अवरे’ एकच असला, तरी दाबून सालातून काढलेल्या दाण्यांसाठी ‘हितकिद अवरेबेळे’ असे स्वतंत्र नाव आहे. आपल्या डाळिंब्यांच्या इतका जवळचा शब्द दुसऱ्या कोणत्याही भाषेत सापडणे कठीण. उलट बंगालीत दाण्यासाठी ‘शिमेर बिचि’, म्हणजे शिमाचे बी, असे फोड करून सांगावे लागते. हिंदी ‘सेम’ आणि बंगाली ‘शिम’ यांच्यामागे संस्कृत ‘शिम्बा’ आहे, आणि त्याचा अर्थ नुसता ‘शेंग’ असा आहे. तेव्हा या बाबतीत मराठी हिंदी-बंगाली या आपल्या आर्यभाषाभगिनींपेक्षा कन्नड-तमिळांच्या पंक्तीस बसते. शब्दांचे कूळ एक आणि शब्दांची व्यवस्था दुसरीच, असा हा प्रकार आहे. अनुवादकाने कुळाकडे न पाहता व्यवस्थेकडे पाहावे, हे उत्तम.

हुलगा आणि कुळीथ यांची कथा याहून बोलकी आहे. धान्य एकच. कोकण-गोव्यात ते कुळीथ, संस्कृत ‘कुलत्थ’चे सरळ अपत्य; देशावर ते हुलगा, आणि या नावाचे कन्नड ‘हुरुळी’ व तेलुगू ‘उलव’ यांच्याशी असलेले ध्वनिसाम्य कानाला लगेच जाणवते. कोकणात कुळथाची पिठी हे घरोघरचे, कंटाळा येईपर्यंत खाल्ले जाणारे जेवण. देशावर हुलगा घोड्या-बैलांनाही चारला जात असे. तेथील कथेत हुलग्याचे माडगे आले, की त्यामागे बहुधा अवर्षण किंवा दारिद्र्य उभे असते. हिंदीत दोन्ही ठिकाणी ‘कुलथी’ लिहिले, की एका पात्राचे सुख आणि दुसऱ्याची उपासमार एकाच ताटात वाढली जाते.

यात भर पडली ती अमेरिकेतून आलेल्या शेंगांची. फरसबी आणि राजमा ही ‘फॅसिओलस व्हल्गॅरिस’ या एकाच जातीची रूपे. ती १४९२ नंतर युरोपीयांबरोबर जुन्या जगात पसरली. नव्या वनस्पतीस लोकांनी जुनीच नावे दिली. संस्कृतातील ‘राजमाष’ म्हणजे चवळी. ‘राजमा’ हे नाव त्याच शब्दाचे, पण धान्य परके. म्हणून प्राचीन वैद्यकग्रंथातील राजमाषाचे भाषांतर राजमा असे करणे हा कालविपर्यास होय, आणि तो आजही घडतो. कन्नडमध्ये ‘हुरुळी’ हुलगाच राहिली, परंतु ‘हुरुळिकाय्’ म्हणजे फरसबी. शब्दशः जाणारा मराठी अनुवादक मेजवानीच्या ताटात हुलग्याच्या शेंगा वाढील. मराठीत मुंबई-कोकणाने इंग्रजी ‘फ्रेंच बीन’ची फरसबी केली, तर पुण्याने तिला श्रावणघेवडा म्हटले. जुना घेवडा थंडीतला असल्यामुळे नव्याला महिन्याचे विशेषण लावावे लागले असावे. साताऱ्याकडे मात्र घेवडा म्हणजे भाजी नव्हेच. तो वाळलेला दाणा, राजम्याचाच भाऊबंद. कोरेगाव तालुक्यातील वाघ्या घेवडा हे नाव त्याच्या अंगावरील पट्ट्यांवरून पडले आहे. पुण्याहून साताऱ्यापर्यंतच्या वाटेत एकच शब्द हिरव्याचा वाळलेला होतो, हे कोशातील एका ओळीत कसे मावणार?

आणि सोलापूरकडे कोणतेही विशेषण न लावता नुसते ‘शेंगा’ म्हटले, तर त्या भुईमुगाच्या. तोही अमेरिकेहूनच आलेला. पण तेथे त्याने शेंग हे सामान्यनामच बळकावले आहे.