वेबची अवजारे आणि शेजारी बसणारा माणूस

संगणकाच्या क्षेत्रात गेलेल्या आपल्या मुलांविषयी आपण बोलतो तेव्हा नोकरी, पगार आणि पुणे या तीन शब्दांत विषय संपवतो. तो मुलगा दिवसभर करतो काय, त्याच्या हातातले अवजार कोणते, ते कोणाच्या मालकीचे, आणि त्या अवजारात मराठीला जागा आहे की नाही, हे प्रश्न आपण विचारीत नाही. सुताराचा रंधा, चांभाराची रापी, गवंड्याची थापी आपल्याला लांबून ओळखता येते. डेव्हलपरचे अवजार मात्र ओळखता येत नाही. जे अवजार ओळखता येत नाही त्याविषयी एक भाबडा आदर तयार होतो, आणि असा आदर शिकण्याच्या आड येतो. म्हणून या लेखात त्या अवजारांची साधी ओळख करून द्यावी, आणि ती हाती धरायला कोणाची सोबत लागते तेही सांगावे, असा विचार आहे.

मी एका तालुक्याच्या गावी संगणकशास्त्र शिकवतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. माझ्या वर्गातली बरीच मुले त्याच पायरीवर उभी आहेत. तेव्हा हा विषय माझ्या दृष्टीने केवळ तंत्राचा नाही.

१

प्रथम ‘वेब प्लॅटफॉर्म’ म्हणजे काय ते पाहू. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे मूळ सॉफ्टवेअर, त्यावर कोणताही मालकी हक्क न ठेवता, सर्वांसाठी खुले केले. वेब कोणा एका कंपनीची मालमत्ता झाले नाही, याचे एक मोठे कारण या निर्णयात आहे.

वेबवरची पाने मुख्यतः तीन भाषांत लिहिलेली असतात. एचटीएमएल ही पानाची रचना सांगते : हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी. सीएसएस ही त्याचे रूप सांगते : अक्षर केवढे, रंग कोणता, समास किती. जावास्क्रिप्ट, जी ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये तयार केली, ती पानाला हालचाल देते : बटण दाबले की काय घडावे, नावे कोणत्या क्रमाने लागावीत. या भाषांचे नियम, ते अमलात आणणारे ब्राउझर, आणि ब्राउझर ते नियम पाळतात की नाही हे तपासणाऱ्या सार्वजनिक चाचण्या, या सगळ्यांना मिळून वेब प्लॅटफॉर्म म्हणतात.

नियम करणाऱ्या संस्था दोन ध्यानात ठेवाव्यात. १९९४ साली स्थापन झालेली डब्ल्यूथ्रीसी, आणि २००४ साली ब्राउझर बनवणाऱ्यांनी उभी केलेली व्हॉटडब्ल्यूजी. एचटीएमएलचे नियम आज दुसरीकडे लिहिले जातात. त्या संस्थेच्या सुकाणू गटात ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला अशी चारच नावे आहेत. म्हणजे सत्ता कोणाकडे आहे याविषयी भ्रम नको. तथापि नियमांचा मसुदा कोणालाही फुकट वाचता येतो, नियम ठरताना होणारी चर्चा उघड असते, आणि त्यात तक्रार नोंदवायला पदवी विचारीत नाहीत की गाव विचारीत नाहीत. ज्ञान झाकून ठेवण्याच्या रीतीचा ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अनुभव आहे, त्यांनी या उघडेपणाचे मोल जाणले पाहिजे.

२

आता अवजारे. वेबचे एक वैशिष्ट्य असे की, समोर आलेले कोणतेही पान उलटून त्याची शिवण पाहता येते. संगणकावर क्रोम, फायरफॉक्स किंवा एज उघडावे आणि एफ-बारा ही कळ दाबावी. पानाच्या बाजूला एक चौकट उघडते. ही डेव्हलपरची अवजारपेटी. २००६ मध्ये जो ह्यूइट यांनी फायरफॉक्ससाठी ‘फायरबग’ नावाचे असे साधन काढले तेव्हा ते वेगळे बसवावे लागे. आज ते प्रत्येक प्रमुख ब्राउझरसोबत फुकट येते.

या पेटीत काय असते? एका कप्प्यात पानाची रचना दिसते, आणि तिथल्या तिथे ती बदलून पाहता येते. हा बदल फक्त आपल्या संगणकापुरता असतो, त्यामुळे काही मोडण्याची भीती नाही. दुसऱ्या कप्प्यात जावास्क्रिप्टची एकेक ओळ लिहून लगेच तिचे उत्तर मिळवता येते. तिसरा कप्पा पान उघडताना काय काय मागवले गेले, त्याचे वजन किती, वेळ किती लागला याचा हिशेब देतो. तेथेच इंटरनेट मुद्दाम मंद करून पाहता येते. पुण्यात दोन सेकंदांत उघडणारे पान वाडीवस्तीवर किती वेळ खाईल, हे शहरात बसलेल्या माणसालाही कळावे यासाठी ही सोय आहे. ती किती जण वापरतात हा प्रश्न वेगळा.

माहितीसाठी एमडीएन नावाचा मोठा संदर्भसंग्रह २००५ पासून आहे. त्यात तिन्ही भाषांतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट उदाहरणासह समजावलेली असून तो विनामूल्य आहे. तो मूळ इंग्रजीत आहे. फ्रेंच, स्पॅनिश, जपानी, चिनी वगैरे भाषांत त्याचे अनुवाद आहेत, मराठीत नाही.

येथे पहिली अडचण लक्षात येते. ही अवजारपेटी मोबाइलवरच्या ब्राउझरात सहसा नसते, तिला संगणक लागतो. माझ्या वर्गातल्या बहुसंख्य मुलांकडे मोबाइल आहे, संगणक नाही. वेब वापरणारा आणि वेब घडवणारा यांच्यातली भिंत येथे उभी राहते.

३

नुसती अवजारांची यादी देऊन विषय कळत नाही, काम पाहावे लागते. माझा एक विद्यार्थी पुण्यात डेव्हलपर आहे. गेल्या वर्षी त्याने आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाची मराठी पुस्तकांची यादी वेबवर आणण्याचे काम हौसेने हाती घेतले. शहरातल्या नोकरीत त्याने असंख्य पाने बांधली होती, पण सगळी इंग्रजीतली. मराठी यादीने त्याला तीन ठिकाणी अडवले.

पहिली अडचण अक्षरे मोजण्याची. लेखकाच्या नावाला वीस अक्षरांची मर्यादा ठेवली, तर मराठी नावे मध्येच तुटू लागली. त्याने दुसऱ्या कप्प्यात ‘क्षितिज’ या शब्दाची लांबी विचारली. उत्तर आले सात. आपण मोजतो तीन : क्षि, ति, ज. यंत्र मात्र क, हलन्ताची खूण, ष, वेलांटी असे सुटे सुटे मोजत होते. युनिकोड या जागतिक लिपिसंकेतात देवनागरीची मांडणीच तशी आहे. ‘ज्ञानेश्वर’ आपल्याला चार अक्षरांचे, यंत्राला दहाचे. यावर उपाय म्हणून जावास्क्रिप्टमध्ये ‘सेगमेंटर’ नावाची सोय आहे. ती माणसाच्या दृष्टीने अक्षरे पाडून देते. क्रोममध्ये ती २०२० साली आली, फायरफॉक्समध्ये २०२४ साली. जोडाक्षर अखंड धरावे हा नियमही युनिकोडच्या २०२३ सालच्या आवृत्तीत आला. त्याआधी ‘क्षि’चे दोन तुकडे पडत. म्हणजे आपले एक अक्षर एक मानले जावे, यासाठी वेबच्या जन्मानंतर तीन दशके जावी लागली.

दुसरी अडचण क्रमाची. लेखकांची नावे यंत्राने लावली तेव्हा कळसकर आधी, मग कवडे, मग कसबे असा क्रम आला. कारण युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ची जागा ‘ल’च्या पाठोपाठ आहे. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, म्हणून ग्रंथपालाच्या नोंदवहीत कवडे, कसबे, कळसकर असा क्रम होता. यावरही उपाय आहे. क्रम लावताना ‘भाषा मराठी’ असे यंत्राला सांगितले की ते मराठीचा क्रम वापरते. पण न सांगता ते तसे करीत नाही.

तिसरी अडचण वळणाची. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ प्रमाण ठरवला. पानावर मात्र हिंदीच्या वळणाची अक्षरे उमटत होती. पानाची भाषा कोणती हे एचटीएमएलमध्ये एका छोट्या खुणेने सांगता येते. ती खूण पानावर हिंदीची होती. ती मराठीची केली, आणि ज्या फॉन्टात मराठी वळणाची सोय आहे तो लावला, तेव्हा ‘ल’ आणि ‘श’ आपल्या रूपात आले. एका शब्दाचा बदल, पण तो करायला हवा हे ठाऊक असावे लागते.

तिन्ही उपाय वेब प्लॅटफॉर्मवर तयार होते, फुकट होते, जाहीर होते. तरी पुण्यात नोकरी करणारा हुशार मुलगा त्यांच्यापर्यंत पहिले तीन आठवडे पोचला नाही. याचे कारण काय?

४

कारण असे की, काय शोधायचे त्याचे नावच ठाऊक नसेल तर शोध लागत नाही. ‘मराठी अक्षरे चुकीची मोजली जातात’ असे विचारले तर उत्तर मिळत नाही. त्या अडचणीचे परिभाषेतले इंग्रजी नाव माहीत असावे लागते. ते नाव पुस्तकात असते खरे, पण बहुतेकांना ते पहिल्यांदा माणसाकडून कळते. ज्याच्या घरात आधी कोणी या धंद्यात आहे त्याला ते जेवताना कळते. ज्याच्या घरात कोणी नाही, त्याला शेजारी बसणारा माणूस शोधावा लागतो.

डेव्हलपर लोकांचे स्थानिक मंडळ हेच काम करते. पुण्यात असे मेळावे पुष्कळ होतात. शनिवार-रविवारी एखाद्या कंपनीच्या किंवा कॉलेजच्या सभागृहात पन्नास-साठ जण जमतात, दोघे-तिघे भाषण करतात, मग चहा होतो. प्रवेश बहुधा विनामूल्य असतो. पुण्याचे लिनक्स वापरणाऱ्यांचे मंडळ जुने आहे. पायथॉन या भाषेची अखिल भारतीय परिषद २०११ साली पुण्यातच भरली होती.

माझा विद्यार्थी अशा एका मेळाव्याला गेला. भाषणे इंग्रजीत झाली, तो मागच्या रांगेत बसला. त्याने मला सांगितले, ‘‘सर, सगळे कळत होते, पण हात वर होत नव्हता.’’ हे वाक्य मी विसरलो नाही. हात वर न होणे हा बुद्धीचा दोष नव्हे. आपण विचारलेला प्रश्न हास्यास्पद ठरेल, ही भीती घेऊन पहिल्या पिढीचा मुलगा सभागृहात येतो, आणि सभागृहाला तिची दखल नसते. चहाच्या वेळी त्याने एकाला ‘ळ’चा प्रश्न मराठीत विचारला. त्या गृहस्थाने चहा बाजूला ठेवला, खुर्ची ओढली आणि क्रम लावण्याची ओळ लिहून दाखवली. मग त्यानेच सेगमेंटरचे नाव सांगितले. तीन आठवडे अडलेले काम अर्ध्या तासात हलले.

म्हणून मी म्हणतो, वेबचे खुलेपण अर्धे नियमांत आहे आणि अर्धे त्या खुर्चीत आहे. नियम खुले ठेवण्याचे काम दूरच्या संस्था करतात. खुर्ची पुढे ओढण्याचे काम गावातल्या माणसांनीच करायचे असते.

हे मंडळ पुढे काय करू शकते याचे उदाहरण केरळात आहे. ‘स्वतंत्र मलयाळम कंप्यूटिंग’ या नावाने स्वयंसेवकांचा एक गट दोन दशकांहून अधिक काळ काम करीत आहे. त्यांनी मलयाळमसाठी खुले फॉन्ट केले, टंकलेखनाची साधने केली, आणि लिपीच्या प्रश्नांवर युनिकोडशी वाद घातला. आपल्याकडे ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. अशी जागा आपोआप मिळत नाही. कोणीतरी प्रस्ताव लिहितो, पुरावे जोडतो, तेव्हा ती मिळते. ब्राउझरमध्ये देवनागरीसाठी काय उणे आहे याच्या नोंदी डब्ल्यूथ्रीसी प्रसिद्ध करते. त्या नोंदींत भर घालण्यास कोणालाही मज्जाव नाही.

५

आता शिक्षक आणि कार्यकर्ते म्हणून आपण काय करावे? माझ्या मते चार गोष्टी तातडीने करता येतील.

कॉलेजची संगणक प्रयोगशाळा तासांनंतर कुलूपबंद असते. आठवड्यातून दोन संध्याकाळी ती उघडी ठेवावी. ज्याच्याकडे फक्त मोबाइल आहे त्याला अवजारपेटी पाहायला दुसरी जागा नाही.

मुलांना पहिले काम मराठीत द्यावे. गावातल्या ग्रंथालयाची यादी, वस्तिगृहाच्या अर्जाचा नमुना, शाहिरांच्या कवनांचा संग्रह, काहीही. इंग्रजी पान बांधताना जे प्रश्न कधी उभे राहत नाहीत ते मराठी पान बांधताना उभे राहतात, आणि प्रश्न उभा राहिल्याशिवाय अवजाराची ओळख होत नाही.

महिन्यातून एकदा गावातच मेळावा भरवावा. दहा जण आले तरी चालेल. भाषा मराठी असावी, पारिभाषिक शब्द इंग्रजीतले राहिले तरी बिघडत नाही. पुण्यात नोकरी करणारी आपली मुले सणाला घरी येतात. त्यांना सत्काराला बोलावण्याऐवजी मेळाव्याला बोलवावे. नारळ-शालीपेक्षा त्यांच्याजवळचा अर्धा तास अधिक मोलाचा आहे.

आणि चौथे, दोष सापडला की तो लेखी नोंदवण्याची सवय लावावी. कोणते पान, कोणता ब्राउझर, काय व्हायला हवे होते, काय झाले, अशा चार ओळी पुरतात. माझ्या विद्यार्थ्याने ग्रंथालयाच्या यादीच्या निमित्ताने एका खुल्या फॉन्टातला जोडाक्षराचा दोष असा नोंदवला. काही दिवसांनी उत्तर आले आणि दोष मान्य झाला. त्या दिवशी त्याने मला फोन केला. पगारवाढीचा फोन त्याने कधी केला नव्हता.

नियम लिहिणारे चार असोत की चाळीस, त्यांच्या टेबलावर आपल्या ‘ळ’ची तक्रार पोचली नाही तर ती सोडवली जाणार नाही. ती तक्रार इंग्रजी सफाईने बोलणाऱ्यानेच करावी असा कोठेही नियम नाही. ज्याचे नाव अर्जाच्या चौकटीत मध्येच तुटते, त्याने ती करावी. त्याला ती कशी लिहायची हे दाखवणारा माणूस शेजारच्या खुर्चीत असला पाहिजे, एवढी व्यवस्था आपल्या हातात आहे.