निरोगी वाहक आणि मस्तिष्कावरणदाह

मेंदू आणि मज्जारज्जू यांना वेढणाऱ्या आवरणांस सूज येणे म्हणजे मस्तिष्कावरणदाह होय. हा रोग उत्पन्न करणाऱ्या सूक्ष्मजंतूंपैकी मेनिंगोकोकस हा एक प्रमुख जंतू. १८८७ साली व्हिएन्ना येथे आंटोन वाइक्सेलबाउम यांनी रोग्यांच्या मस्तिष्कद्रवातून तो वेगळा केला. सकाळी साधा ताप असलेले मूल रात्रीपर्यंत अत्यवस्थ व्हावे, इतकी या रोगाची गती तीव्र असते. उपचार होऊनही दहांपैकी सुमारे एक रोगी दगावतो. असे असूनही, ज्यांच्या शरीरात हा जंतू वस्तीस असतो त्यांपैकी बहुतेकांना त्याचा काडीमात्र उपद्रव होत नाही. अशा व्यक्तींना ‘निरोगी वाहक’ म्हणतात.

नाकामागील घशाचा भाग हे या जंतूचे नैसर्गिक वसतिस्थान होय. मनुष्याखेरीज त्याला दुसरा आश्रय नाही. श्वासातील व लाळेतील तुषारांवाटे तो एका घशातून दुसऱ्या घशात जातो आणि तेथे काही आठवडे किंवा महिने राहतो. दरम्यान शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. क्वचितच तो रक्तात शिरतो. रक्तातून पुढे दुसऱ्या माणसाकडे जाण्याचा मार्ग त्याला नसतो. म्हणून रोग हा जंतूच्याही दृष्टीने एक अपघातच म्हटला पाहिजे.

वाहकांचे प्रमाण वयानुसार बदलते. अनेक पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र करून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अर्भकांमध्ये ते शेकडा ४.५, एकोणिसाव्या वर्षी शेकडा २३.७ आणि पन्नाशीत शेकडा ७.८ आढळले. उलट रोगाचे प्रमाण सर्वांत अधिक असते ते एक वर्षाखालील बालकांत. म्हणजे जंतू बाळगतात मुख्यतः तरुण, आणि बळी पडतात प्रामुख्याने अर्भके.

तरुणांतच वाहक इतके का, याचे उत्तर त्यांच्या राहणीत सापडते. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठात ऑक्टोबर १९९७ मध्ये नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांचे घसे तपासण्यात आले. सत्राच्या पहिल्या दिवशी वाहक शेकडा ६.९ होते, चौथ्या दिवशी ते २३.१ झाले. भोजनाची सोय असलेल्या वसतिगृहांत तर डिसेंबरपर्यंत हे प्रमाण ३४.२ वर गेले. मद्यगृहात वारंवार जाणे, धूम्रपान आणि चुंबन यांचा या वाढीशी संबंध दिसून आला.

यावरून प्रतिबंधाची एक निराळी दिशा सुचते. नोव्हेंबर १९९९ मध्ये ब्रिटनने सी गटाच्या जंतूवरील संयुग्मित लस मुलांना व किशोरांना देण्यास आरंभ केला. वर्षभरात १५ ते १७ वर्षांच्या विद्यार्थ्यांमधील सी गटाच्या वाहकांचे प्रमाण शेकडा ६६ ने घटले. विशेष म्हणजे ज्यांना लस मिळाली नव्हती, त्यांच्यातही या गटाचा रोग जवळजवळ दोन तृतीयांशांनी कमी झाला. किशोरांच्या घशातील जंतू हटल्याने इतरांचेही रक्षण झाले.

परंतु प्रत्येक लस असे कार्य करीत नाही. बी गटाच्या जंतूवरील शर्करावेष्टन मानवी पेशींवरील शर्करेशी मिळतेजुळते असल्याने, त्यावरील लस जंतूच्या प्रथिनांपासून करावी लागते. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१७-१८ मध्ये सुमारे ३५,००० विद्यार्थ्यांवर या लसीचा प्रयोग झाला. तीत रोगकारक जंतूंच्या वाहकांचे प्रमाण घटल्याचे आढळले नाही. अर्थात ही लस घेणाऱ्याचे रक्षण करते, पण घेणाऱ्यापासून इतरांकडे जाणारा जंतू अडवीत नाही. हा भेद लक्षात न घेता लसीकरणाची योजना आखल्यास अर्भकांचे अप्रत्यक्ष रक्षण होईल ही अपेक्षा फोल ठरेल.

डब्ल्यू गटाचा रोग वाढू लागल्यावर ब्रिटनने २०१५ पासून किशोरांना ए, सी, डब्ल्यू व वाय या चार गटांवरील संयुग्मित लस देण्यास सुरुवात केली आणि विद्यापीठात प्रथमच येणाऱ्या पंचविशीखालील विद्यार्थ्यांनाही ती घेण्यास सांगितले. उच्च शिक्षणासाठी तिकडे जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानी ठेवणे इष्ट होय.

वाहक हा दोषी नव्हे. आपण वाहक आहोत हे त्याला ठाऊकही नसते. सर्व निरोगी माणसांचे घसे तपासून त्यांना औषध देत बसणे व्यवहार्य नाही, कारण जंतू पुन्हा येतोच. प्रतिजैविके द्यावयाची ती रोग्याच्या निकट सहवासातील व्यक्तींना. उरलेल्या समाजासाठी, जंतू ज्या वयात सर्वाधिक फिरतो त्या वयात त्याची वाट अडविणे, हाच अर्भकांच्या रक्षणाचा परिणामकारक उपाय ठरला आहे.