शिक्क्याखालचा कान

माझ्या आजोबांचा, अण्णांचा, घरात एकच फोटो आहे. कुठल्याशा जुन्या ओळखपत्रावरून सोडवलेला, साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा. डाव्या कानावर गोल शिक्क्याची जांभळी शाई. त्यावरून मी १०५ बाय १३५ सेंटिमीटरचं पेन्सिलचित्र करायला घेतलं. लांबी-रुंदी ३० पट, म्हणजे क्षेत्रफळ ९०० पट. फोटोतला चार मिलिमीटरचा डोळा कागदावर बारा सेंटिमीटरचा झाला. पण त्या डोळ्याबद्दल फोटो सांगतो ते तेवढंच, एक काळा डाग आणि त्यात एक पांढरा ठिपका. बाकीचं आणायचं कुठून? फोटोवरून भव्य व्यक्तिचित्रं काढणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो.

गंमत अशी, की कागदावरचा फोटो जन्मला तोच पेन्सिलीच्या अपयशातून. १८३३च्या ऑक्टोबरात इटलीतल्या कोमो सरोवराकाठी विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट हा इंग्रज गृहस्थ कॅमेरा ल्युसिडा लावून निसर्गचित्र काढत बसला होता. लोलकातून दृश्य कागदावर पडल्यासारखं दिसे, पण हात काही चालेना. हे दृश्य आपलं आपण कागदावर उमटलं तर, या विचारातून त्याचे फोटोग्राफीचे प्रयोग सुरू झाले. १८४४पासून त्यानं आपल्या छायाचित्रांचं पुस्तक भागाभागांनी काढलं. त्याचं नाव ‘द पेन्सिल ऑफ नेचर’. निसर्गाच्या त्या पेन्सिलीनं काढलेलं आज आपण पुन्हा हातातल्या पेन्सिलीनं काढतो.

आपण तिला शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसं नसतं. इंग्लंडमधल्या बॉरोडेलच्या खाणीतलं ग्राफाइट शिशाचाच प्रकार समजलं गेलं आणि नाव चिकटलं. युद्धामुळे फ्रान्सला हे ग्राफाइट मिळेना, तेव्हा १७९५मध्ये निकोला-जाक काँते यानं ग्राफाइटची पूड चिकणमातीत मळून भाजली. माती जास्त तर पेन्सिल कठीण, ग्राफाइट जास्त तर मऊ आणि काळी. एच-बीची सगळी शिडी या मिश्रणावर उभी आहे.

या शिडीचा एक दोष मोठ्या चित्रात उघडा पडतो. ग्राफाइटचे पापुद्रे कागदावर आडवे बसतात आणि चमकतात. वहीच्या पानावर ते खपून जातं. पण हातभर केस आठ-बीनं भरले, की दिव्याखाली काळ्याचं रुपेरी होतं. म्हणून अनेकजण गडद जागी कोळसा किंवा कार्बन पेन्सिल वापरतात. तीही आधीच, कारण गुळगुळीत ग्राफाइटवर कोळसा धरत नाही. पांढरं तर काढताच येत नाही, कागदच राखावा लागतो. मळीव रबराला टोक काढून गालावरची चकाकी उचलायची, तळहाताखाली कोरा कागद ठेवायचा आणि बोटानं घासायचा मोह आवरायचा. बोटाचं तेल लागलं की डाग जात नाही.

मोठं करण्याची युक्ती मात्र जुनी आहे, चौकोन पाडायचे. मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवणारे पेंटर असंच करत. हातातल्या स्टिलवर बारीक चौकोन, समोरच्या कापडावर मोठे. मकबूल फिदा हुसेन यांनी उमेदवारीच्या काळात अशी होर्डिंगं रंगवली होती.

चौकोनालाच चित्राचा विषय केलं ते अमेरिकेच्या चक क्लोजनं. १९६७-६८मध्ये त्यानं स्वतःच्या कृष्णधवल फोटोवरून २७३ बाय २१२ सेंटिमीटरचा चेहरा रंगवला. माध्यम अ‍ॅक्रिलिक, पण नजर पेन्सिलवाल्याची. पुढे ‘रॉबर्ट/१०४,०७२’ या चित्रात त्यानं कॅनव्हासवर पेन्सिलीनं जाळी आखली आणि एकेका घरात एकेक ठिपका फवारला. शीर्षकातला आकडा त्या ठिपक्यांचा. काम १४ महिने चाललं. क्लोजला चेहरे लक्षात राहत नसत. प्रत्यक्षात न ओळखू येणारा माणूस सपाट फोटोवरून घराघरानं ओळखून घ्यायचा, अशी ती तपश्चर्या होती. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट लाँगोची रीत वेगळी. १९७९पासूनच्या ‘मेन इन द सिटीज’ मालिकेसाठी त्यानं मित्रांना गच्चीवर उभं केलं, त्यांच्या अंगावर वस्तू फेकल्या आणि दचकलेल्या देहांचे फोटो काढले. मग ते कोळशानं आणि ग्राफाइटनं पुरुषभर उंचीहून मोठे केले. त्याच्या बाबतीत चित्राचा अर्धा निर्णय फोटो काढतानाच झालेला असे.

आज लागोसच्या अरिंझे स्टॅनलीसारखे स्वतः शिकलेले चित्रकार ग्राफाइट आणि कोळशानं घामाचा थेंब न् थेंब काढतात. आपल्याकडेही एलिमेंटरी-इंटरमीजिएट दिलेली मुलं मोबाइलवर फोटो मोठा करून पापणी न् पापणी मोजतात. मग ठरलेली दाद येते, “अगदी फोटोच वाटतो!” मला ही दाद अर्धवट वाटते. मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोत नाक फुगतं, कान मागे जातात. फ्लॅशनं गालाचा उठाव सपाट होतो. चित्र या चुकांशी हुबेहूब झालं, तर माणूस बाजूलाच राहिला. छोट्या चित्रात हे झाकलं जातं. तीसपट मोठ्या चित्रात चूकही तीसपट होते.

अण्णांच्या फोटोवर मी पाच मिलिमीटरचे ६३ चौकोन पाडले होते. ६१ कसेबसे भरले. शिक्क्याखालच्या दोन चौकोनांत कान नव्हताच, नुसती शाई होती. उजव्या कानाचा आरसा करून पाहिला, तो उपरा दिसला. शेवटी आत्याला बोलावलं. तिचा चेहरा आजीवर गेलाय, पण कान अण्णांचे, असं घरात सगळे म्हणतात. तिला सकाळच्या उजेडात खिडकीशी बसवलं, केस मागे घ्यायला लावले आणि पाळीची जाड दुमड, आतली वळणं तिच्याकडे बघून उतरवली. तेवढा कान मी फोटो न बघता काढला.

चित्र भिंतीला टेकवून ठेवलं, तेव्हा थोरले काका आले. कानाची ही कथा त्यांना ठाऊक नव्हती. खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “त्या ओळखपत्रावरून केलंस ना? चेहरा अगदी तोच उतरलाय. पण कान बघ, कान मात्र अण्णांचा आहे.”