नाक दाबले की...

'नाक दाबले की तोंड उघडते' ही म्हण बँकेच्या नोकरीत वसुलीच्या बैठकांमधून मी शेकडो वेळा ऐकली. थकबाकीदाराचे नाक म्हणजे त्याचा ऊस. कारखान्याचे बिल परस्पर कर्जखात्यात वळवले, की तो आपोआप शाखेत येऊन बोलू लागतो, एवढाच तिचा आमच्या व्यवहारातला अर्थ. निवृत्तीनंतर आष्ट्यातल्या आणि आसपासच्या शाळांत स्नेहसंमेलनांना पाहुणा म्हणून जाऊ लागलो, तेव्हा ही म्हण शब्दशः खरी असल्याचे समोर दिसू लागले.

व्यासपीठावरून मुलांचे चेहरे नीट न्याहाळता येतात. त्यांत दोन-चार तरी अशी असतात, की त्यांचे ओठ म्हणून एकमेकांना टेकत नाहीत. वरचा ओठ आखूड, पुढचे दात डोकावणारे, डोळ्यांखाली काळसर सावली. शेजारच्या गुरुजींना विचारावे, तर हलक्या आवाजात उत्तर येते, "तो होय? जरा मंदच आहे." आपल्या भाषेनेही हा निकाल केव्हाच देऊन टाकला आहे. आ वासून बघतो तो बावळट! पण त्या उघड्या तोंडाचे कारण पुष्कळदा अगदी साधे असते. मुलाचे नाक बंद असते.

ते कोण बंद करते? नाकाच्या मागे, पडजिभेच्या वरच्या अंगाला, टॉन्सिलच्याच जातीची एक गाठ असते. तिला ॲडेनॉइड म्हणतात. साधारण तीन ते सात वर्षांच्या वयात ती मोठी असते आणि पौगंडावस्थेत आक्रसत जाते. ती फार वाढली, तर हवेची वाटच अडते. डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर या डॉक्टरांनी १८६८ साली या गाठींचे पहिले नीट वर्णन केले. ज्यांना कमी ऐकू येते आणि ज्यांचे बोलणे सदा नाक चोंदल्यासारखे वाटते, अशा मुलांच्या दुखण्याचे मूळ त्यांना तिथे सापडले. या कामाबद्दल पुढे देशोदेशीच्या लोकांनी वर्गणी काढून कोपनहेगनमध्ये त्यांचा पुतळा उभारला.

दुसरा अपराधी म्हणजे ॲलर्जी, आणि तिला आपल्या भागात खाद्य भरपूर. ऊस तुटला की फडात पाचट पेटते आणि गावभर काळी भुरी उडते. हळद काढल्यावर ती शिजवून घासतात, तेव्हा धूळ उठते. बांधावर गाजरगवत फुललेले असते, आणि काही घरांत अजून चुलीचा धूर आहेच. याशिवाय एखाद्याच्या नाकाचा पडदा वाकडा असतो.

नाक म्हणजे शरीराचा रोखपाल. दिवसाकाठी सुमारे दहा हजार लिटर हवा आपण आत घेतो. तिच्यातली धूळ गाळणे, तिला ऊब देणे, ओलावा देणे ही सगळी तपासणी नाकात होते. नाकाभोवतीच्या पोकळ्यांत नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९५ साली दाखवून दिले. हा वायू श्वासाबरोबर फुप्फुसात जातो आणि तिथल्या रक्तवाहिन्या सैल करून प्राणवायू रक्तात मिसळायला मदत करतो. तोंडाने आलेली हवा हा काउंटर चुकवूनच आत शिरते. तोंड कोरडे पडते, लाळेचे संरक्षण जाते. मग दात किडतात, हिरड्या सुजतात, श्वासाला वास येतो.

चेहऱ्याचे प्रकरण याहून गंभीर आहे. तोंड मिटलेले असताना जीभ टाळूला टेकलेली असते आणि वरच्या जबड्याला आतून आधार देते. तोंड उघडे राहिले की जीभ खाली पडते, गालांचा दाब मात्र बाहेरून चालूच राहतो. टाळू अरुंद आणि उंच होत जातो, दातांना जागा उरत नाही, चेहरा लांबट होतो. कॅलिफोर्निया विद्यापीठात एगिल हारवोल्ड यांनी माकडांच्या वाढत्या पिलांची नाके बंद करून पाहिली, तेव्हा त्यांच्या जबड्यांची आणि दातांची ठेवण बदलत गेली. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतोच. पुढे आलेला प्रत्येक दात नाकाच्या माथी मारता येणार नाही. पण चेहऱ्याची बरीचशी वाढ बाराव्या वर्षापर्यंत होऊन जाते. हे कर्ज वेळेत फेडले तर फिटते, नाहीतर पुढे चढत्या व्याजाने वसूल होते.

ती वसुली कुठे होते, ते आपण सगळे जाणतो. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमानंतर "मुलगी चांगली आहे हो, पण दात जरा..." हे वाक्य ज्या घरात ऐकावे लागते, तिथल्या आईचा चेहरा बघवत नाही. त्या दातांचे मूळ कदाचित पाचव्या वर्षीच्या नाकात असते.

आणि 'मंद' मुलाचे काय? याच गाठींमुळे कानाच्या पडद्यामागे पाणी साचू शकते. शिक्षक बोलतात ते अर्धेच पोचते. रात्री घोरणे, मध्येच श्वास अडणे, कूस बदलत राहणे, कधी अंथरूण ओले करणे. अशी रात्र काढलेले मूल सकाळी पाढे म्हणताना पेंगते किंवा चिडचिड करते. मग त्याला छडी मिळते, आणि नाक तसेच राहते.

उपाय आहेत, आणि ते आवाक्यातले आहेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते. त्या वेळी घोरण्याची आणि ऐकण्याची तक्रार पालकांनी आवर्जून सांगावी. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ, नंतर गरजेप्रमाणे दातांचे डॉक्टर, असा क्रम ठेवावा. बऱ्याचदा औषधाने भागते. प्रत्येक गाठ कापावी लागत नाही. जलनेतीचा जाणत्या माणसाकडून शिकून काहींना फायदा होतो, पण अडलेली गाठ तिने विरघळत नाही. नाक मोकळे करणारे थेंब मात्र मनाने आठवडेच्या आठवडे घालू नयेत, त्याने नाक उलट जास्त चोंदते. आणि हल्ली रात्री तोंडाला चिकटपट्टी लावण्याचे जे खूळ निघाले आहे, त्याच्या वाटेला मुलांच्या बाबतीत मुळीच जाऊ नये. ज्याचे नाक बंद आहे, त्याचे तोंडही बंद करणे याला उपचार कसे म्हणावे?

आज रविवार. रात्री मुले झोपली की पाच मिनिटे त्यांच्या उशाशी बसा. ओठ मिटलेले आहेत का, श्वासाचा आवाज येतो का, तो मध्येच थांबतो का, एवढेच पाहा. सर्दी नसताना रोज रात्री असे दिसले, तर डॉक्टरांकडे जाण्यासाठी परीक्षा संपण्याची वाट पाहू नका. आणि "तोंड मीट" म्हणून मुलावर ओरडण्याआधी जवळ घेऊन विचारा, "नाक मोकळं आहे ना रे बाळा?"