वालूरची बारव ते वाळूजचा व्हॉल्व्ह

सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव पाहिलीय का? गोल गोल पायऱ्या उतरत पाण्यापर्यंत जायचं. पाणी जागेवर, चालायचं आपण. आता उलटं झालंय. आपण घरात आणि पाणी पाइपातून येतं. मग ते सोडायचं कुणी, अडवायचं कुणी? गावात पाणी सोडणारे मामा लांब दांड्याची चावी व्हॉल्व्हला लावून फिरवत बसतात. वाळूजसारख्या एमआयडीसीतल्या कारखान्यांत मात्र वाफेच्या, ॲसिडच्या लाइन असतात. तिथं मामांच्या जागी मोटर येते.

जोर किती, थांबायचं कुठं?

मोटर भर्रकन फिरते. गिअरबॉक्स तिचा वेग कमी करून जोर वाढवतो. बटरफ्लाय किंवा बॉल व्हॉल्व्ह पाव फेरीत, म्हणजे 90 अंशांत उघडतो; गेट व्हॉल्व्हला बऱ्याच फेऱ्या लागतात. थांबायचं कुठं, हे लिमिट स्विच ठरवतो. मध्येच खडा अडकला तर टॉर्क स्विच मोटर बंद करतो, नाहीतर मोटर जळते किंवा दांडा वाकतो.

घाई केली की पाइप फुटला!

तुम्ही म्हणाल, मोटर आहे तर एका क्षणात बंद करू की! तीच चूक. सेकंदाला 1 मीटर वेगानं वाहणारं पाणी लोखंडी पाइपात अचानक अडवलं, तर साधारण 100 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा दाब उसळतो. गावातली टाकी 15 मीटर उंच धरा, म्हणजे अंदाज येईल. ही दाबाची लाट सेकंदाला सुमारे 1 किलोमीटर धावते. लाइन 1 किलोमीटरची असेल, तर लाट जाऊन परत यायला 2 सेकंद लागतात. त्याआधी व्हॉल्व्ह मिटला तर पूर्ण धक्का बसतो. म्हणून मोटर मुद्दाम संथ चालवतात. मामाही चावी सावकाश फिरवतात, ते काही उगाच नाही.

शून्य का नाही?

व्हॉल्व्ह किती उघडायचा, हे कंट्रोल रूममधून विजेच्या सिग्नलनं सांगतात. सहसा 4 मिलिअँपिअर म्हणजे बंद, 20 म्हणजे पूर्ण उघडा, 12 म्हणजे अर्धा. सुरुवात शून्यापासून का नाही? कारण शून्य आलं म्हणजे वायर तुटली, हे लगेच कळावं!

आणि लाइट गेली तर? साधा मोटरचा व्हॉल्व्ह आहे तिथंच थांबतो. म्हणून त्याला हातचाक ठेवलेलंच असतं. जिथं असं अर्धवट थांबणं धोक्याचं, तिथं स्प्रिंगचा किंवा बॅटरीवरचा व्हॉल्व्ह बसवतात.

आयटीआयला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक किंवा इलेक्ट्रिशियन करताय? डिप्लोमाला आहात? मग इंटरव्ह्यूत 'व्हॉल्व्ह अर्ध्यात अडकला, काय कराल?' असं विचारलं तर गडबडू नका. आधी सिग्नल बघायचा, मग टॉर्क स्विच, मग वीजपुरवठा. हातचाकाला हात लावण्याआधी मोटरची वीज तोडायची आणि पुढं लाइनवर कुणी काम करत नाही ना, याची खात्री करायची. शेवटचा प्रश्न मोटरला पडत नाही. तो तुम्हालाच पडायला हवा.